काच नेण्याची तिसरी रीत

त्या कचेरीत तिला सगळे आत्या म्हणत. सख्खा भाचा तिथे एकही नव्हता. पण बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ह्या कचेरीत जन्माला येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं नाव ती ठेवायची, म्हणून आत्या. कचेरी व्हिडिओ गेम बनवायची. खाली फर्निचरचं दुकान, जिन्यात पॉलिशचा वास, आणि वर एका लांबलचक खोलीत डोकी खाली घालून बसलेली माणसं. कुणी खेळातलं गाव उभं करायचं, कुणी त्या गावातला वारा. गावाचं नाव, वाऱ्याचं नाव, जिंकल्यावर आणि हरल्यावर पडद्यावर यायचा मजकूर, हे सगळं आत्याकडे. खेळ मध्येच बंद पडला तर काय लिहायचं, ह्यावर एकदा बराच काथ्याकूट झाला होता. आत्याने लिहिलं, ‘आमचंच चुकलं. पुन्हा सुरू करा.’ त्या एका ओळीचं खेळणाऱ्यांनी इतकं कौतुक केलं की मालकीणबाई आल्यागेल्याला ती ऐकवायच्या, आणि आत्या जवळ असली तर नको नको न म्हणता शांतपणे ऐकून घ्यायची.

आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. आधीच्या नोकरीत ती मिक्सर आणि पंख्यांबरोबर येणारी माहितीपत्रकं लिहायची. ‘भांडं नीट बसल्याशिवाय बटण दाबू नका’ हे वाक्य तिचं. तसली पत्रकं वाचतो कोण, असं एकदा दिराने विचारलं. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, वाचली नसती तर बोटं मोजायला कमी भरली असती. विनयाने माणूस मोठा होतो म्हणतात. आत्या त्या वाटेला न जाताच मोठी झाली होती.

तिची कामाची एक रीत होती. नाव कागदावर लिहून समोर ठेवलं की माणूस शहाणा होतो, मान तिरकी करून मत देतो, आणि ते मत काडीच्या कामाचं नसतं. म्हणून समोरच्याचे हात कामात गुंतलेले असताना ती नाव मोठ्याने उच्चारायची आणि त्याच्या तोंडाकडे न बघता अंगाकडे बघायची. नाव आधी खांद्यांना ऐकू जातं, असं तिचं म्हणणं. घरी ह्या कामाला नवरा होता. तो चष्मे दुरुस्त करायचा, उरलंसुरलं काम संध्याकाळी घरी घेऊन बसायचा, आणि ओठांत बारीक स्क्रू धरलेला असल्यामुळे त्याला उलट बोलता येत नसे. इतका सोयीचा माणूस तिला दुसरीकडे शोधून सापडला नसता.

तर त्या काळात कचेरीत ‘काचवाला’ नावाचा खेळ शिजत होता. एका माणसाला दारापेक्षा मोठी काच गावाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला न्यायची असते. वाटेत पूल, जिने, बोळ, अंगावर येणारा वारा. काच फुटली की पुन्हा पहिल्यापासून. गोष्ट एवढीशीच, पण खेळायला बसलेल्याला उठवत नसे. काच नेण्याच्या दोन रीती ठरलेल्या होत्या. एक कीबोर्डवर, दुसरी हातात धरायच्या कंट्रोलरवर. तिसरी रीत मिस्त्रीची.

मिस्त्री म्हणजे खेळाचा सांगाडा बांधणारा प्रोग्रॅमर. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. ऐन विशीत सांध्यांच्या दुखण्याने त्याची बोटं आखडली ती पुन्हा मोकळी झाली नाहीत. टाइप करताना तो सावकाश दोन बोटांनी करायचा आणि त्यात त्याचं काही अडत नसे, पण खेळात बटणं झटपट दाबावी लागतात. ज्याने काचवाल्याला चालायला शिकवलं त्याला स्वतःच्या खेळातली काच पहिल्या पुलापर्यंतही नेता येत नव्हती. खेळ तयार होत आला की बाकीचे खेळून बघायचे, आरडाओरडा करायचे, आणि हा मागे उभा राहून बघायचा. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. पण तिसरी रीत त्याने कुणी न सांगता बांधायला घेतली होती, आणि ती कशासाठी, हे न कळण्याइतकं तिथे कुणी दूधखुळं नव्हतं.

ह्या रीतीत हातात काहीच धरायचं नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, नाहीतर बसायचं, आणि अंग हलवायचं. कुणी कंबरेतून झुकेल, कुणी नुसती मान कलती करेल, कुणी कोपर उचलेल. ह्या माणसाचं डावीकडे म्हणजे काय, उजवीकडे म्हणजे काय, हे यंत्र त्याच्याकडे बघत बघत शिकायचं आणि काच तशी कलायची. ठरलेल्या खुणा नाहीत, पाठांतर नाही. मिस्त्रीने ह्यात तीन वर्षं घातली होती, आणि एवढं होऊन त्या रीतीला नाव नव्हतं. त्याच्या फाइलींत ती नुसती ‘तीन’ होती.

मालकीणबाईंनी अट घातली. बाहेरची माणसं चाचणीला बोलवायची. पडद्यावर तिन्ही रीतींची नावं दिसतील, त्यातलं तिसरं त्यांनी निवडायचं आणि खेळायला लागायचं. त्यांना कुणी काही सांगायचं नाही, कारण खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी सांगायला कुणी नसणार. नाव वाचून माणूस आपणहून हलला तर रीत खेळात राहील. ‘आता काय करू?’ असं विचारत उभा राहिला तर ती काढून टाकून खेळ दोन रीतींनिशी बाजारात जाईल. बाई दुष्ट नव्हत्या, त्यांनाही कचेरी चालवायची होती. पण मिस्त्रीची तीन वर्षं आता आत्याच्या एका नावावर टांगली गेली, आणि हे तिला कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

चाचणीची खोली लहानशी होती. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून केलेला चौकोन, समोर पडदा, वर कॅमेरा. कोपऱ्यात मिस्त्री आपल्या यंत्रापाशी आणि दाराजवळच्या स्टुलावर आत्या, दोघांच्याही तोंडाला कुलूप. चाचणीपुरता एकच पूल ठेवला होता आणि काच अशी केली होती की ती कशीही कलली तरी फुटायची नाही. तिसरी रीत अजून पुऱ्या खेळाला जोडलीच नव्हती. राहते की जाते हे ठरल्याशिवाय जोडायची कशाला, असं बाईंचं म्हणणं होतं.

पहिलं नाव आत्याने दिलं ‘मुक्त हालचाल’. घरी ते ऐकून नवऱ्याची पाठ ताठ झाली होती, डॉक्टरने थंडगार नळी टेकवल्यासारखी. पण मुक्त हा शब्द आत्याच्या मनात भरला होता आणि मनात भरलेल्यापुढे तिची रीतसुद्धा चालली नाही. चाचणीला आलेली माणसं चौकोनात हात अंगालगत घेऊन उभी राहिली. बराच वेळ काही होईना. एका गृहस्थांनी शर्ट काढायचा का, असं अदबीने विचारलं.

मग ‘हावभाव’ झालं. एका शिक्षिकाबाईंनी राग, दुःख, आश्चर्य अशी तोंडं करून दाखवली आणि बाकीच्या भावांची यादी कुठे आहे म्हणून विचारलं. ‘नाच’ ठेवलं तेव्हा पुरुषांचे हात खिशात गेले. खांद्यावर पोती वाहणारा एक दणकट भाजीवाला असा अंग चोरून उभा राहिला की त्याची दया यावी. एक मुलगी मात्र मनापासून नाचली, पण पडद्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही आणि काच बिचारी पुलावर ताटकळत राहिली. ‘व्यायाम’ म्हटल्यावर लोक मोठ्याने आकडे मोजायला लागले, आणि एक लठ्ठ काका, मला डॉक्टरांनी मना केलंय, असं सांगून पाणी पिऊन निघून गेले.

प्रत्येक नाव माणसाच्या अंगाला काहीतरी हुकूम सोडत होतं. आत्याला हे दिसत होतं, पण उपाय सापडत नव्हता, आणि त्या चिडीत तिने एक भलताच उद्योग केला. नावाशेजारी एक छोटं चित्र टाकलं, एक हात वर केलेला माणूस. शब्दांना जमत नाही ते चित्राला जमेल, असा विचार. त्या दिवशी जो आला त्याने उजवा हात वर केला. डावखुऱ्यानेही उजवाच केला. बरं, यंत्र तर समोर येणाऱ्या माणसांकडून शिकणारं. संध्याकाळपर्यंत त्याची खात्रीच पटली की माणूस म्हणजे उजवा हात वर करणारा प्राणी, आणि मग कुणी कंबर हलवो नाहीतर मान, काच जागची हलेना. यंत्राला हे शहाणपण विसरायला लावताना मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. तो रागावला नाही. काम संपल्यावर त्याने एवढंच सांगितलं की आत्या, चित्र नको.

तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी तिने घरी येऊन चाचणीच्या माणसांची यथेच्छ हजेरी घेतली. माणसांना हलायचीच अक्कल राहिलेली नाही, खुर्च्यांवर बसून बसून सगळ्यांची लाकडं झालीत, असं बरंच. नवऱ्याने ओठांतला स्क्रू काढून वाटीत ठेवला आणि म्हणाला, “अगं, नाचता येईना अंगण वाकडं.” मग स्क्रू पुन्हा ओठांत धरून कामाला लागला. आत्या त्याच्याशी त्या रात्री बोलली नाही, कारण त्याचं खरं होतं.

बाईंनी आता शेवटची चाचणी जाहीर केली. त्याआधीच्या फेरीत पडद्यावर ‘अंगचालन’ हे नाव होतं. ते आत्यालाच आवडलेलं नव्हतं, पण जागा रिकामी ठेवता येत नव्हती. त्या फेरीत एक आजी आल्या. यायचं होतं त्यांच्या मुलीला, पण तिला अचानक कामावर बोलावणं आलं, म्हणून तिच्याऐवजी ह्या, आणि तिचं बाळ ह्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. आजी चौकोनात उभ्या राहिल्या. त्यांनी पडदा वाचला, बाळाकडे पाहिलं, बाळाला कुठे ठेवता येईल म्हणून खोलीभर पाहिलं, आणि शेवटी कोपऱ्यातल्या मिस्त्रीला विचारलं, “ह्याला खाली ठेवलं तर उठेल. मग मी कशी खेळू?”

मिस्त्रीने गप्प राहायचं होतं. पण आजींनी इतकं सरळ विचारलं की त्याच्या तोंडून निघून गेलं.

“जमेल तसं खेळा.”

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. आजींना हे नियमबियम माहीत नव्हते. बरं, म्हणाल्या आणि डोलायला लागल्या. बाळाला झोपवताना डोलतात तसंच, ह्या पायावरून त्या पायावर. पडद्यावरचा काचवाला त्याच तालात पुलावर पावलं टाकू लागला. वारा आला तेव्हा त्यांनी बाळाचं डोकं झाकायला खांदा वळवला, आणि काचसुद्धा वाऱ्याला पाठ देऊन अलगद वळली. पूल पार झाला. बाळाच्या पापणीचा केसही हलला नव्हता. अजून आहे का पुढे, असं आजींनी विचारलं. नाही, एवढंच आहे, म्हटल्यावर त्या चक्क हिरमुसल्या.

त्या गेल्यावर मिस्त्री मान खाली घालून म्हणाला की नियम मोडला, ही चाचणी धरू नका. आत्या उठून जिन्यात गेली. खालच्या दुकानाचे दोन हमाल एक भलंमोठं कपाट वर चढवत होते, गळ्याच्या शिरा तटतटून फुगलेल्या. त्यांच्याकडे बघत तिने मोठ्याने म्हटलं, “जमेल तसं.” तिच्याकडे मान वर करून बघायला त्यांना फुरसत नव्हती, पण कानांपर्यंत चढलेले त्यांचे खांदे खाली आले. एक जण म्हणाला, हो ताई, चाललोय सावकाश. आत्या तशीच उलट पावली मालकीणबाईंच्या खोलीत गेली. मिस्त्रीलाही तिने दंडाला धरून नेलं.

बाईंनी ते शब्द दोनदा उच्चारून पाहिले आणि मान हलवली.

“आत्या, हे नाव नाही, ही पळवाट आहे. काम कसं केलंस, तर जमेल तसं. आपल्या खेळावर हे लिहायचं?”

आत्याला त्यांचं म्हणणं मनापासून कळत होतं. तिने आयुष्यात एकही काम जमेल तसं केलेलं नव्हतं, आणि कुणी केलं तर त्याची धडगत नसे. कालपर्यंत तिच्या तोंडी ही शिवीच होती. तरी ती बोलली.

“बाई, आतापर्यंतच्या माझ्या प्रत्येक नावात एक बघणारा बसलेला होता. मुक्त म्हटलं, तरी किती मुक्त ते कुणीतरी बघणार आणि मार्क देणार. जमेल तसं म्हटलं की तो बघणारा उठून जातो. आणि हे नाव माझं नाही. मिस्त्रीचं आहे. विशीपासून हा माणूस सगळं जमेल तसंच करतोय, आणि तुमची अख्खी कचेरी त्याच्या जमेल तसंवर उभी आहे. ह्याला पळवाट म्हणायचं असेल तर त्याच्या तोंडावर म्हणा.”

मिस्त्री खिडकीबाहेर बघायला लागला, जणू बाहेर फार महत्त्वाचं काही चाललं होतं. बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. शेवटच्या चाचणीला स्टुलावर मी बसेन, एवढंच म्हणाल्या.

आणि बसल्या. सकाळपासून माणसं येत राहिली. पडदा वाचायची, एखादं जरासं हसायचं, आणि हलायला लागायचं. एका शिंप्याने खुर्ची मागून घेतली आणि बसल्या बसल्या दोन्ही गुडघ्यांनी काच नेली, शिलाई मशीन चालवल्यासारखी. तो अंग चोरणारा भाजीवाला पुन्हा आला होता. त्याने पोतं उचलायला वाकतो तसं वाकून, एका हेलकाव्यात निम्मा पूल पार केला. एका बाईंनी नुसत्या भुवया वापरल्या. यंत्राला ते समजायला वेळ लागला, पण समजलं, आणि तेव्हा मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला आवरता आला नाही. ‘आता काय करू?’ हे दिवसभरात एकानेच विचारलं, तेही जाताना, जिन्यातला दिवा गेला होता म्हणून. मालकीणबाई उठल्या, त्यांनी स्टूल भिंतीला लावलं, आणि मिस्त्रीला सांगितलं की जोडा, तिसरी रीत पुऱ्या खेळाला जोडा.

जोडायला बरेच दिवस गेले. खेळ पुरा झाला की सगळ्यांसमोर तो पहिल्यापासून कुणीतरी खेळायचा, अशी त्या कचेरीची पद्धत. हा मान नेहमी वारा बनवणाऱ्याचा, कारण त्याची बोटं सगळ्यांत चपळ. त्या दिवशीही सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या. पण वारा बनवणाऱ्याने आपला कंट्रोलर खणात टाकला, खण बंद केला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मिस्त्रीने नाही नाही म्हणून पाहिलं. कुणी आग्रह केला नाही, नुसती मोकळी जागा तशीच मोकळी ठेवली. शेवटी तो तिथे जाऊन उभा राहिला.

पडद्यावर तीन ओळी होत्या. कीबोर्ड. कंट्रोलर. जमेल तसं. त्याने तिसरी निवडली.

तो कोपरांनी आणि थोडंसं गुडघ्यांतून खेळत होता. पहिला पूल गेला. बोळ आला, त्यात काच आडवी करावी लागते, ती त्याने अंग तिरकं करून केली, आणि मागून कुणीतरी वा म्हटलं. आत्या सगळ्यांच्या मागे उभी होती. ह्याच जागी उभं राहून तो इतकी वर्षं दुसऱ्यांचे खेळ बघत आला होता, हे तिच्या लक्षात आलं. मग जिना आला. अर्ध्या जिन्यावर पाठीमागून वारा सुटला. मिस्त्री सावरायला गेला, जरा जास्तच वाकला, आणि काच काचवाल्याच्या हातातून सुटून पायऱ्यांवर कोसळली. फुटण्याचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला.

तो आवाज त्यानेच खेळात घातलेला होता आणि असंख्य वेळा ऐकलेला होता, पण प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातून. क्षणभर तो तसाच वाकलेला राहिला. मग हसायला लागला. त्याला असं मोठ्याने हसताना तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं.

“माझ्याकडून फुटली,” तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. “बघितलंत का? मी फोडली.”

टाळ्या वाजल्या. जिंकलेल्यासाठी त्या खोलीत तेवढ्या कधी वाजल्या नव्हत्या. आत्याने डोळे पुसले ते सगळ्यांदेखत पुसले, आणि नवऱ्याला फोन लावला.

“अहो, मिस्त्री हरला,” ती म्हणाली. घरातला मुलगा पहिला आला हे सांगताना असतो तोच आवाज होता.

नवरा घाबरला. काय झालं, असं त्याने विचारलं, आणि आता तो कसा आहे तेही विचारलं.

“कसा असणार?” आत्या म्हणाली. “परत खेळतोय.”